काटा हलत नाहीये, आता काय?

यावेळी पत्रं आणि मेल उघडले तर बहुतेक सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं : सुरुवातीला वजन झरझर उतरलं आणि मग जे अडकलंय ते अडकलंयच. म्हणून या अंकात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत (केस गळतीवाल्या सगळ्यांनी माफ करा, पुढच्या वेळी नक्की) आणि फक्त याच विषयावरची निवडक पत्रं घेतलीयत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगलीची, वय ४१, उंची ५ फूट २ इंच. घरी आम्ही पाच माणसं. फेब्रुवारीत माझं वजन ७८ होतं. साखर बंद केली, भात बंद केला, दोन वेळा दोन दोन चपात्या, भाजी, आमटी एवढंच, आणि सकाळी ४५ मिनिटं चालते. पहिल्या महिन्यातच साडेतीन किलो गेलं, चार महिन्यांत ७१.५ वर आले, सगळे विचारायला लागले काय करतेस म्हणून. पण गेला दीड महिना काटा ७१.५ ते ७२.३ एवढ्यातच घुटमळतोय. मी काहीही बदललेलं नाही, तेच खाते तेच चालते. सासूबाई म्हणतात तुझी अंगकाठीच तशी आहे सोड आता. मैत्रीण म्हणते थायरॉइड असेल. माझं मेटाबॉलिझम बंद पडलंय का? रात्रीचं जेवण सरळ बंद करू का? खरं सांगू, आता सकाळी काट्यावर उभं राहायची भीतीच वाटते.

उत्तर : रात्रीचं जेवण बंद करू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण उत्तराची वाट बघता बघता तुम्ही ते सुरूही केलेलं असायचं.

आता पहिल्या महिन्याचं बघू. ते साडेतीन किलो सगळी चरबी नव्हती. आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साखरेचा एक साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, साधारण चारशे-पाचशे ग्रॅम, आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून बसलेला असतो. भात-साखर एकदम बंद केली की हा साठा कमी होतो आणि ते पाणीही जातं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दीड-दोन किलो तर असेच उतरतात. आनंद व्हायला हरकत नाही पण गडबड अशी होते की तोच वेग आपल्या डोक्यात बसतो आणि पुढे खरी चरबी जायला लागते, ती हळूच जाते, तेव्हा आपल्याला वाटतं काहीच होत नाहीये.

हळू म्हणजे किती हळू ते हिशोबाने सांगते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. समजा आता तुमची रोजची तूट दोनशे कॅलरीची आहे, तर एक किलो जायला अडतीस-एकोणचाळीस दिवस लागणार. आणि अंगातलं पाणी मात्र रोज किलो-दीड किलोने वरखाली होत असतं, आदल्या रात्री पापड लोणचं खाल्लं, पोट साफ झालं नाही, झोप झाली नाही, पाळी जवळ आली, कशानेही. म्हणजे महिनाभरात गेलेली सगळी चरबी त्या पाण्याच्या चढउतारात आरामात लपून जाते. तुमचा काटा ७१.५ ते ७२.३ मध्ये फिरतोय म्हणता, त्या आठशे ग्रॅमवरून मी तरी काही निष्कर्ष काढणार नाही. तुमच्या वयात तर पाळीच्या आधीचं वजन आणि पाळी संपल्यावरचं वजन यांची तुलनाच करू नये, गेल्या पाळीनंतरच्या चौथ्या-पाचव्या दिवशी किती होतं आणि या पाळीनंतर त्याच दिवशी किती आहे ते बघा, उत्तर बरंचसं तिथे मिळेल.

पण दीड महिना आहे म्हणजे नुसतं पाणीच आहे असं म्हणून मी तुमची समजूत काढत बसणार नाही. खरंच थांबलेलं असू शकतं. आणि “मी काहीच बदललं नाही” हे तुमचं वाक्यच त्याचं कारण असू शकतं, कारण तुम्ही बदलला नाहीत पण शरीर बदललं ना. ७८ किलोचं शरीर सांभाळायला आणि चालवायला जेवढी ऊर्जा लागत होती तेवढी ७१.५ ला लागत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बरीच वर्षं काम केलेले केविन हॉल नावाचे संशोधक आहेत, वजनाच्या गणितावर त्यांचं बरंच काम आहे, त्यांच्या गटाचा हिशोब असा की कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च वीस ते तीस कॅलरींनी घटतो आणि त्याच प्रत्येक किलोमागे भूक मात्र शंभरेक कॅलरींनी वाढते. तुमचे साडेसहा किलो गेलेत. म्हणजे खर्च दीडशे-दोनशेने कमी आणि भुकेचा रेटा सहाशे-साडेसहाशेने जास्त! हे वाचून घाबरू नका, उलट मला तर तुमचं कौतुक वाटतं, की एवढी भूक मागे लागलेली असताना तुम्ही दीड महिना वजन वाढू दिलं नाहीत. हे कुणी मोजत नाही. सासूबाईंनाही दिसत नाही आणि काट्यालाही.

मेटाबॉलिझम बंद पडतं का? तर नाही, मंदावतं, बंद पडत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. युद्धात लढायला तत्त्व म्हणून नकार दिलेली मुलं होती ती, स्वतःहून आली होती. वजन जवळपास चौथ्या हिश्श्याने घटलं, शरीराचा विसाव्यातला खर्च खूपच खाली गेला पण थांबला नाही, आणि वजनही शेवटपर्यंत घटत राहिलं. मात्र दोन गोष्टी झाल्या ज्या तुम्ही रात्रीचं जेवण सोडायच्या आधी वाचायला हव्यात. एक, पाय सुजले, अंगात पाणी साठलं, त्यामुळे काट्यावर मधे मधे काही दिसेचना. दुसरं, डोक्यात चोवीस तास खाणं. काहीजण तर पाककृतीची पुस्तकं घेऊन बसायचे. चिडचिड, उदासी, कशात लक्ष नाही. तुम्ही अर्थातच त्या टोकाला जाणार नाही, पण दिशा तीच आहे. रात्री न जेवता झोपलेली बाई घरात सगळ्यांची ताटं वाढते, उरलेलं झाकून ठेवते आणि मग साडेदहाला डब्यातला चिवडा उभ्या उभ्या खाते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी विचारतेच, डबा कुठला, चिवड्याचा की शेंगदाण्याच्या लाडूंचा.

मग करायचं काय. आधी बघायचं, मग एकच काहीतरी बदलायचं आणि मग चार आठवडे गप्प बसायचं.

बघायचं म्हणजे काय? १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक अभ्यास झाला, आम्ही रोज १२०० कॅलरींपेक्षा कमी खातो तरी वजन उतरत नाही म्हणणाऱ्या लोकांवर. शास्त्रशुद्ध मोजलं तर त्यांचं मेटाबॉलिझम ठणठणीत निघालं, खाणं मात्र त्यांनी होतं त्याच्यापेक्षा ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. खोटं बोलत नव्हते हो ते. आपल्याला खरंच आठवत नाही. चार महिन्यांत हात सैल होतो, चमचाभर कूट दोन चमचे होतं, आमटीची फोडणी जरा सढळ होते, मुलाच्या ताटातली उरलेली अर्धी चपाती फेकायची कशी म्हणून आपल्या तोंडात जाते. शेंगदाणे शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी देतात, तुमच्याकडे तर वांग्यापासून चटणीपर्यंत सगळ्यात कूट, मला माहितीय.

तेलाचा हिशोब तर अगदी सोपा आहे आणि तो कुणीच करत नाही. महिन्याला घरात किती लिटर तेल संपतं ते बघा आणि भागिले पाच करा. समजा सहा लिटर जात असेल तर माणशी सव्वा लिटरच्या आसपास झालं, म्हणजे रोजच्या सव्वातीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या, आणि तुम्ही भात सोडून बसलात! ४५ मिनिटं चालून तुमचे पावणेदोनशे-दोनशे जळत असतील, त्याहून जास्त तेलातून परत आले. बाटलीतून कढईत थेट धार धरायची नाही, चमच्याने मोजून घालायचं, सगळ्या घराचं भलं होईल. भात मात्र खुशाल एक वाटी खा, आठवड्यातून तीन-चारदा, वरणासोबत. तो शत्रू नाहीये, उगीच त्याच्यावर राग आहे सगळ्यांचा.

अजून एक गोष्ट हळूच होते, डाएटवर असलेला माणूस नकळत कमी हलतो. सकाळचं चालणं तेवढंच असतं पण दिवसभरात दोनदा जिना चढायचा तिथे मुलाला हाक मारली जाते, दुपारी आडवं पडणं वाढतं. फोनमध्ये पावलं मोजता येतात, नुसतं चालण्याच्या वेळेचं नाही तर दिवसभराचं बघा. आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस चालण्याऐवजी ताकदीचा व्यायाम धरा, घरात असलेल्या पाण्याच्या बाटल्या घेऊन, खुर्चीतून उठबस करून, भिंतीला हात टेकून. जेवणात प्रोटीन वाढवा, चपातीच्या सोबतीला मोडाची उसळ वाटीभर नाही तर दोन वाट्या, ताक, अंडी खात असाल तर अंडी. भूक जी वाढलेली आहे ना तिला नुसत्या मनोनिग्रहाने किती दिवस थोपवणार, पोटात काहीतरी टिकणारं घालावं लागतं.

थायरॉइडची एकदा तपासणी करून घ्या, टीएसएचची, साधी रक्ताची तपासणी आहे. थकवा, बद्धकोष्ठ, पाळीत जास्त जाणं, थंडी जास्त वाजणं असं काही असेल तर नक्कीच. पण एक लक्षात घ्या की थायरॉइड कमी असल्याने वाढणारं वजन बहुतेक वेळा दोन-चार किलोच असतं आणि त्यातलं बरंचसं मीठ-पाणी. साडेसहा किलो उतरल्यावर अचानक थायरॉइडने ब्रेक मारला असं सहसा होत नाही.

आणि हे करायचा कंटाळा आला असेल, म्हणजे मनापासून वैताग आला असेल, तर दोन आठवडे वजन उतरवायचा प्रयत्नच करू नका. आहे ते टिकवायचं एवढंच ठेवा, अर्धी-एक चपाती वाढवा, चालणं चालू ठेवा. अशा विश्रांतीने वजन जास्त उतरतं का यावर अभ्यासांचं एकमत नाही, काहींत फायदा दिसलाय काहींत नाही, पण माणूस मैदान सोडून पळत नाही हा फायदा मी स्वतः बघितलाय.

सासूबाईंना एवढंच सांगा की ७८ पैकी साडेसहा गेले म्हणजे आठ टक्क्यांच्या वर गेले, आणि पाच टक्क्यांपासूनच बीपी, साखर, गुडघे यांना फरक पडायला लागतो. तुमच्या गुडघ्यांना विचारून बघा.

प्रश्न : मॅडम, वय २४, हिंजवडीत आयटीत आहे. दोन महिने झाले जिम लावून, आठवड्यातून चार दिवस जातो, कोल्ड्रिंक आणि बाहेरचं बंद केलंय. वजन ७४ होतं ते आता ७५ झालंय!! रूममेट हसतात. पँट मात्र सैल होतेय हे खरं. ट्रेनरने क्रिएटिन (जिमवाले ताकदीसाठी घेतात ती पावडर) सुरू करायला सांगितलं होतं, ते घेतोय. पैसे वाया चाललेत का?

उत्तर : तुला तू म्हणते, चालेल ना. अरे पँट सैल होतेय हे तू असं मधेच टाकलंस जसं काही महत्त्वाचंच नाही. तीच तर बातमी आहे! क्रिएटिनने स्नायूंमध्ये पाणी धरलं जातं, पहिल्या काही आठवड्यांत एक-दोन किलो त्याचेच वाढतात, नव्याने वजनं उचलायला लागलेल्या माणसाचे स्नायूही वाढतात, आणि कंबर कमी झाली म्हणजे पोटावरची चरबी गेली. काट्याला यातलं काहीच कळत नाही, तो फक्त बेरीज सांगतो.

तू पुण्यात आहेस म्हणून मुद्दाम सांगते. तुमच्याच शहरातल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय लोकांच्या या गोष्टीवर आयुष्यभर काम केलंय, की आपण दिसायला बारीक आणि आतून चरबीवाले असतो. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र ब्रिटिश डॉक्टरांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोन डॉक्टरांनी स्वतःलाच उदाहरण म्हणून उभं केलं, मला हे फार आवडतं. तर तुझे रूममेट ज्या आकड्यावर हसतायत तो आकडा आपल्या लोकांच्या बाबतीत तर अजूनच अर्धवट माहिती देतो.

टेप घे, दर दोन आठवड्यांनी बेंबीच्या पातळीला कंबर मोज, श्वास आत ओढून नाही, सोडून. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांना ८० च्या आत असावी असं धरतात. जिममधल्या त्या उभं राहून चरबीची टक्केवारी सांगणाऱ्या मशीनवर रोज उड्या मारू नकोस, ते अंगातून बारीकसा करंट सोडून पाण्यावरून अंदाज बांधतं, त्यामुळे पाणी प्यायलास तरी आकडा बदलतो. आणि कॅन्टीनमध्ये काय खातोस ते लिहिलंच नाहीस, संशय येतोय मला. दोन अंडी, पनीर, डाळ, सोयाबीन यातलं रोज काहीतरी आहे ना बघ. क्रिएटिन घेतोयस तर पाणी नीट पी आणि किडनीचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

प्रश्न : ताई, वय ६६, निवृत्त शिक्षक, नाशिक. डायबेटिस १२ वर्षांपासून. डॉक्टरांनी पाच किलो वजन कमी करायला सांगितलं म्हणून आठ महिने झाले रोज तासभर फिरतो, जेवण मोजून. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.१ वरून ७ वर आलं, पण वजन फक्त ८०० ग्रॅम कमी झालं. एवढे कष्ट करून उपयोग काय? एक वेळचं जेवण सोडावं असं मनात आहे. ग्लिमेपिराइडची गोळी सुरू आहे.

उत्तर : काका, तुम्ही शिक्षक आहात, तर मला सांगा, पोराला गणितात चांगले मार्क पडले आणि तो चित्रकलेत कमी पडले म्हणून रडत बसला तर तुम्ही काय म्हणाल? ८.१ वरून ७! डॉक्टरांना वजन कशासाठी उतरवायला हवं होतं, साखरेसाठीच ना.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने एक मोठा अभ्यास केला होता, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीय लोकांवर. ज्यांना चालायला आणि खाण्यात बदल करायला लावलं त्यांच्यात तीन वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांहून जास्त कमी झालं. आणि गंमत म्हणजे या लोकांचं वजन जवळपास जिथल्या तिथेच होतं! ते लोक डायबेटिस व्हायच्या आधीचे होते, तुम्हाला झालेला आहे, हा फरक आहे, पण मुद्दा तोच की चालण्याचा फायदा वजनाच्या वाटेनेच मिळतो असं नाही. स्नायू साखर ओढून घ्यायला शिकतात, ते काट्यावर कुठे दिसणार.

तुमचं वजन न उतरण्याची दोन कारणं तर सरळ दिसतायत. साखर जास्त असताना थोडीफार लघवीतून वाहून जात असणार, म्हणजे खाल्लेलं सगळं अंगी लागत नव्हतं. आता ती गळती थांबली, तेवढ्या कॅलरी शरीरात राहायला लागल्या. ही चांगलीच गोष्ट आहे. दुसरं म्हणजे ग्लिमेपिराइडने वजन थोडं वाढायचीच प्रवृत्ती असते, इन्सुलिननेही असते. त्या गोळीऐवजी दुसरं काही चालेल का हे डॉक्टरांना जरूर विचारा, पण स्वतःच्या मनाने गोळी कमी करू नका.

आणि जेवण सोडायचं तर अजिबात नाही! ही गोळी घेऊन जेवण चुकवलं तर साखर एकदम खाली जाते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, चक्कर येते, रात्री झोपेत झालं तर कळतही नाही. आपल्याकडे गेली काही वर्षं दोनदाच जेवणारे आणि दर दोन तासांनी खाणारे असे दोन पक्षच पडलेत, मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमध्ये त्यावरून भांडणं होतात, त्यात तुम्ही पडू नका. साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांशी बोलूनच बदलायच्या. सहासष्टाव्या वर्षी नुसतं चालून पुरत नाही हे मात्र मी म्हणेन, तासातली पंधरा मिनिटं काढून खुर्चीतून हात न टेकता उठायचा सराव करा, मांड्यांतले स्नायू टिकले पाहिजेत. या वयात घाईने उतरवलेल्या वजनात स्नायूच जास्त जातात, त्यामुळे तुमचे आठशे ग्रॅम मला तरी बरे वाटतात.

प्रश्न : मी ठाण्याहून लिहितेय, डॉक्टरांच्या सल्ल्याने वजनाचं इंजेक्शन दहा महिन्यांपासून घेतेय. १४ किलो गेले. गेले दोन महिने थांबलंय. एवढं महाग औषध, तेही थांबलं म्हणजे माझं शरीरच हट्टी आहे का? बंद करू का?

उत्तर : हट्टी वगैरे काही नाही. सेमाग्लुटाइड या वजनाच्या इंजेक्शनच्या ६८ आठवड्यांच्या मोठ्या चाचणीत सरासरी जवळपास १५ टक्के वजन उतरलं आणि तिथेसुद्धा शेवटी शेवटी आलेख सपाटच झालेला होता. इंजेक्शन भूक दाबतं, पण लहान झालेल्या शरीराचा खर्च कमी होणं त्यालाही चुकवता येत नाही, कुठेतरी दोन्ही बाजू सारख्या होणारच. याच चाचणीतल्या लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं होतं, म्हणून वैतागून मधेच बंद करू नका. डोस वाढवायचा, तोच ठेवायचा की हळूहळू कमी करायचा हे ज्यांनी लिहून दिलं त्यांनाच विचारा, खर्च परवडत नाहीये हेही मोकळेपणाने सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मैत्रिणीच्या डोसशी तुलना करून स्वतःचा वाढवायचा नाही. आणि भूक नाही म्हणून दिवसभरात चहा-बिस्किटावर राहत असाल तर ते आधी बदला, जेवढं जातं तेवढ्यात प्रोटीन आधी.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. गेल्या वर्षी तिचं वजन थोडं जास्त होतं, कुणीतरी लग्नात बोललं, तेव्हापासून डाएट. खूप बारीक झालीय. आता वजन उतरत नाही म्हणून दिवसातून तीन-चारदा काट्यावर उभी राहते, एक वेळ जेवते, जेवून झालं की लगेच बाथरूममध्ये जाते. पाळी तीन महिने आलेली नाही. तिला धीर कसा धरायला शिकवू?

उत्तर : ताई, तिला धीर धरायला शिकवू नका. हा वजन थांबल्याचा प्रश्नच नाहीये. पाळी बंद होणं, जेवल्यावर लगेच बाथरूम, सतत वजन करणं, हे सगळं एकत्र आलंय म्हणजे खाण्याच्या आजाराची शक्यता आहे, तो खरा आजार आहे, नखरे नाहीत, आणि त्यात हृदयावर आणि रक्तातल्या क्षारांवरही परिणाम होतो. याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे न्या, त्यांच्याकडून मानसोपचारतज्ज्ञांकडे. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, तर थेट हॉस्पिटल. काटा घरातून काढून टाका, रागावून नाही, सहज. ताटात किती घेतलंस, किती बारीक झालीस, हे विषय जेवताना बंद, कौतुक म्हणूनसुद्धा नको. ज्या नातेवाइकांनी ते वाक्य टाकलं त्यांना मात्र तुम्ही एकदा सुनवाच.

प्रश्न : वजन रोज करावं की आठवड्यातून एकदा? आणि आमच्या घरच्या आणि दवाखान्यातल्या काट्यात दीड किलोचा फरक येतो, कुठला खरा?

उत्तर : ज्याला रोजच्या आकड्याने दिवस खराब होत नाही त्याने रोज करावं, लिहून ठेवावं आणि आठवड्याच्या सातही आकड्यांची सरासरी काढून मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघावी, एकेका दिवसाकडे बघूच नये. ज्याचा मूड जातो त्याने आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, रविवारच्या मटणानंतरचा सोमवार सोडून. सकाळी उठून, बाथरूमला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी, साधारण तेवढेच कपडे. काटा कुठलाही चालेल पण कायम एकच, कारण आपल्याला फरक बघायचाय, खरा आकडा नाही. दवाखान्यात तुम्ही दुपारी जेवून, चपला-कपडे, खिशात मोबाइल असं जाता, त्यातच किलोभर निघतो. काटा सतरंजीवर किंवा उंचसखल फरशीवर ठेवू नका, रोज एकाच जागी ठेवा, आणि आकडे वेडेवाकडे यायला लागले तर स्वतःला दोष द्यायच्या आधी सेल बदलून बघा.